कबुतरं हाकलणारी सीडी

"अप्पा, कॉम्प्युटरवर ही नुसती गाण्यांची नावं आलीत. गाणी सीडीतच राहिली," सून म्हणाली.

महिन्यापूर्वी अप्पांनी स्वतःच बायकोच्या, माईंच्या गाण्यांची सीडी कॉपी केली होती. नऊ गाणी दोन सेकंदांत! तेव्हाच शंका यायला हवी होती. उलट ते सगळ्यांना फुशारकीनं सांगत सुटले. घशाच्या ऑपरेशनात माईंचा आवाज कायमचा गेला होता. तो उरला होता फक्त त्या सीडीत.

"सीडी कुठंय?"

अप्पा गॅलरीत धावले. आता हिचं काय काम, म्हणून भोकात सुतळी ओवून त्यांनीच ती कबुतरं हाकलायला टांगली होती. उन्हानं तापलेली, धुळीनं माखलेली सीडी वाऱ्यावर गरगरत होती. सोडवताना ती निसटून फरशीवर आपटली.

माई दारात उभ्या राहून बघत होत्या.

सुनेनं सीडी हलक्या हातानं पुसून आत सरकवली. कॉम्प्युटर घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. पहिलं गाणं लागेना. दुसरंही लागेना. अप्पांनी टेबलाची कड घट्ट धरली. माईंकडे बघायची त्यांची छाती होईना.

तिसऱ्याला नुसती खरखर झाली. मग तंबोरा घुमला, आणि कुणीतरी घसा साफ केला.

"अहो, या खेपेला तरी रेकॉर्डिंगचं बटण दाबलंत ना?"

वर्षभरात ती हाक कानांवर पडली नव्हती. अप्पांच्या तोंडून नकळत निघून गेलं,

"ओ!"