खिडक्या बुजवलेला डबा

पॅसेंजर पुरती थांबायच्या आत कारभारी डब्यात चढला. खिडकीशी बसलेल्या बाईला "जरा सरका" म्हणाला, वाकून खिडकीखालचा पत्रा पाहिला आणि पुढच्या डब्यात घुसला. तिथंही तेच. गाडी हलली तेव्हा त्यानं चालत्या गाडीतून फलाटावर उडी टाकली.

"चाचा, मरना है क्या?" अतिक ओरडला.

जालना स्टेशनच्या फलाटाच्या टोकाला अतिक आणि श्रेयांस दर रविवारी दुपारी उभे असायचे. अतिक एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात कामाला, श्रेयांसचं बियाण्याचं दुकान. दोघांनाही गाड्यांचं वेड. कुठलं इंजिन आलं, कुठले डबे लागले, यावरून रोज ग्रुपवर भांडायचे आणि रविवारी समोरासमोर. सध्या एकच विषय होता. पॅसेंजरचे जुने निळे डबे काढून लाल डबे लावणं चाललं होतं.

"लाल डब्याला झटका न्हाई बसत," श्रेयांस म्हणाला.

"झटका न्हाई तर गाडी कशाची? पाळण्यात बसायचं असलं तर जत्रेत जा," अतिक म्हणाला. मग कारभारीकडे वळला. "चाचा, तुम्ही काय शोधून राह्यलेत?"

"एक निळा डबा," कारभारी म्हणाला. "संभाजीनगरच्या दवाखान्यातून मालनला घेऊन आल्तो त्यात. बायको माझी. त्यानंतर चारच दिवस राह्यली."

श्रेयांसनं हळूच विचारलं, "कधी आल्ते, काका?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी."

श्रेयांसनं मोबाइल काढला. पोळ्याचा दुसरा दिवस रविवारच होता, तेव्हाही त्यानं त्या पॅसेंजरचे फोटो काढले होते. एका फोटोत डब्याच्या दारात एक वाळलेली बाई उभी होती आणि खाली कारभारी दोन्ही हात वर करून. दाराशेजारी पांढऱ्या आकड्यांत डब्याचा नंबर होता.

"डबा बाहेरून ओळखायचा असतो, काका. आत शिरून न्हाई," तो म्हणाला. त्यानं नंबर ग्रुपवर टाकला. कारभारीलाही ग्रुपमध्ये घेतलं. आपल्यासारखाच आणखी एक वेडा मिळाला, असं दोघांना वाटलं.

कारभारीनं त्यांना तसं वाटू दिलं. त्याला घरात बसवत नव्हतं. मालन गेल्यावर तेराव्याच्या आधी बहिणींनी घर धुवून काढलं होतं. फरशी घासली, कपाटं पुसली, आरशालासुद्धा रॉकेल लावून तो लख्ख केला. तेव्हापासून तो चहा ठेवायचा आणि उकळायच्या आत गॅस बंद करून बाहेर पडायचा. अंबडच्या एसटीत बसायचा आणि सुटायच्या आत उतरायचा. फक्त गाडी आली की त्याचे पाय बरोबर डब्याकडे जायचे.

एके दिवशी पूर्णा जंक्शनच्या कोणीतरी ग्रुपवर लिहिलं, तो डबा पॅसेंजरमधून काढला. वर्कशॉपला गेला.

कारभारीनं लगेच श्रेयांसला फोन लावला. "भंगारात गेला का?"

"काय म्हैत, काका. जुना हाय, जाऊ शकतो."

त्या दिवसापासून त्यानं एसटीत बसणंही सोडलं. दिवसभर पायी हिंडायचा. आणि मग थंडी सरता सरता अतिकचा फोन आला.

"चाचा, जल्दी या. तुमचा डबा आलाय स्टेशनात. पण एक गोष्ट..."

पुढचं कारभारीनं ऐकलं नाही.

कडेच्या रुळावर नव्या मोटारी नेणारी मालगाडी क्रॉसिंगसाठी उभी होती. सगळे जुने प्रवासी डबे, नवा रंग दिलेले. एका डब्यावर नव्या रंगाखालून जुना नंबर उमटत होता. तो अतिकनं हेरला होता. श्रेयांसचा चेहरा मयताला आल्यासारखा झाला होता.

"माफ करा काका. बाकं काढून टाकलीत. खिडक्यांवर पत्रे ठोकलेत. आता पुन्हा कोणी बसणार न्हाई ह्यात."

कारभारी डब्याच्या कडेनं चालत गेला. बुजवलेल्या एका खिडकीखाली थांबला आणि पत्र्यावर तळहात टेकला.

"आतला पत्रा बदलला का?"

"न्हाई. तोच हाय. मोटारींसाठी कोण बदलतंय?"

"पुसतात का?"

"काय?"

"आतून. भिंती. पुसतात का, धुतात का?"

"कशाला पुसतील, चाचा?" अतिक म्हणाला. "मोटारी चढवायच्या, दार लावायचं. बस."

कारभारी तिथंच खडीवर बसला. थोड्या वेळानं सिग्नल पडला, मालगाडी हलली. डबा त्याच्यासमोरून गेला. तो उठला नाही, की मागं पळाला नाही.

"इतके हिंडलात आणि फोटो पण न्हाई काढला," श्रेयांस चडफडला. "मंग शोधला कशाला?"

"येताना तिला जरा पडायचं होतं," कारभारी म्हणाला. "कपाळाची टिकली काढून खिडकीखाली लावल्ती तिनं. उतरायच्या घाईत तिथंच राह्यली. घरच्या आरशावरच्या तिच्या सगळ्या टिकल्या बहिणींनी पुसून टाकल्या. ही आता कोणी पुसणार न्हाई."