मधल्या भिंतीवरची जोडी

हे कोणाला पटायचं नाही. आजवर ज्याला सांगितलं, त्याने "काहीतरीच!" म्हणून पाठ फिरवली. पण त्या हॉलच्या मधल्या भिंतीत खिळे अजून आहेत. शंका असेल त्याने जाऊन बोट लावून बघावं.

बाई मिशांच्या स्टुडिओत उभ्या होत्या. खुर्ची होती, पण बसवेना. खुर्चीवर कालची उष्टी बशी, बशीत विझवलेल्या सिगारेटी, आणि त्याच बशीत मिशा ब्रश बुडवत होते. मिशा म्हणजे शहरातले सगळ्यात मोठे चित्रकार. ब्रशच्या मागच्या टोकाने कान कोरत ते म्हणाले, "आधी त्या रडव्याची कविता आणा. चित्र काय, चुटकीसरशी काढीन."

"अहो, प्रदर्शनात एक चित्रकार, एक कवी अशा जोड्या आहेत आणि नियम उलटा आहे. आधी चित्र. कवीने ते घरात लावायचं, समोर बसायचं आणि मग लिहायचं. बाकीच्या जोड्यांनी तसंच केलं."

"बाकीच्या जोड्यांत मी आहे का?"

तिथून बाई हुंदक्याकडे गेल्या. हुंदका म्हणजे तितकेच मोठे कवी. वाचताना ओळीओळीला घसा दाटून यायचा, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. ते काडीने दात कोरत होते. निघालं ते त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि पलंगाच्या कडेला पुसलं.

"त्या मिशाळाचं चित्र येऊ दे. तोवर मी काय भिंतीकडे बघून पाझरू?"

दोन तलवारी एका म्यानात राहत नाहीत, हे बाई ऐकून होत्या. तलवारी परवडल्या. निदान त्या फोन करत नाहीत. चित्राखालच्या पट्टीवर आपलं नाव मोठं हवं, म्हणून मिशांचा फोन. कविता चित्राच्या वर लावा, खाली लावली तर पायदळी जाते, म्हणून हुंदक्याचा फोन. काम मात्र दोघांचंही शून्य. फोन वाजला तरी बाईंच्या तोंडात आंबट पाणी सुटायचं.

सोडून द्यावं, तर हॉल जात होता. वर्षानुवर्षं बाई तिथे मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेत होत्या. आता त्या जागेवर एका फरशीवाल्याचा डोळा होता. त्याला तिथे संडास-बाथरूमच्या फरश्यांचं दुकान थाटायचं होतं. हॉलच्या मालकांनी स्वच्छ सांगितलं होतं, "मधल्या भिंतीवर हे दोघं लागले, तर हॉल कायमचा तुमच्या वर्गाला. नाही लागले, किंवा काही फसवाफसवी निघाली, तर फरशीवाला दारातच उभा आहे."

घरी नणंद वाट बघत होती. बाईंचे यजमान गेल्यापासून घरात या दोघीच.

"वहिनी, माझ्या खोलीचा पडदा कुठाय?"

"डाग होता ना त्यावर, वन्सं. नेला."

"धोब्याकडे? इस्त्रीने जळलेला डाग काढणारा धोबी अजून जन्माला यायचाय! आता बघा, सकाळचं ऊन थेट तोंडावर. उजेड आला की आधी धूळच दिसते."

"खरंय," बाई म्हणाल्या आणि मोरीत नखं घासत राहिल्या. वर्गातल्या रंगांनी त्यांची नखं कायमच निळी असायची.

"आणि तुमच्या प्रदर्शनाला मी यायची नाही हं. आंबलेल्या पोतेऱ्यासारखे वास मारतात ते लोक."

"नका येऊ," बाई चटकन म्हणाल्या.

उद्घाटनाच्या सकाळी मालकांचा फोन आला. "दोघांचं लागलं?"

"लागलं."

खरंच लागलं होतं. हातभर नव्हे, चांगलं पुरुषभर उंच निळं चित्र. निळ्यात खाली एकच तपकिरी होडी, एका टोकाला निमुळती. शेजारी कवितेचा कागद. ना वर, ना खाली.

मिशा आले. चित्रासमोर थबकले. मिशीचं टोक चावलं. भोवती माणसं जमली होती. कोणीतरी "वा!" म्हणालं. मिशा वळले.

"ही होडी बघा. तीनदा काढली, तीनदा पुसली. हा तपकिरी रंग बाजारात मिळत नाही. मी स्वतः घोटतो."

हुंदक्याने चष्मा लावून कविता ओठांतल्या ओठांत वाचली. मग चष्मा काढला, घसा दाटून आणला आणि शेवटची ओळ गर्दीला ऐकवली. "उजेड आला की आधी धूळच दिसते. ही ओळ लिहिताना मी या चित्रासमोर ढसाढसा रडलो हो!"

"काय ओळ!" मिशा म्हणाले.

"काय होडी!" हुंदका म्हणाले.

दोघांनी गळामिठी मारली. एकाच्या खांद्यावर दुसऱ्याच्या नाकातलं पुसलं गेलं. टाळ्या पडल्या. निदान एकाची तरी जीभ अडखळेल, अशी त्यांची भाबडी समजूत होती. साखरेच्या पाकात पडलेलं झुरळ बघावं, तशा त्या दोघांकडे बघत राहिल्या.

मालक गहिवरले. "बाई, जिंकलात! हॉल तुमचा. आत्ता सगळ्यांसमोर सांगतो."

ते घसा साफ करतात तोच दारातून आवाज आला. "वहिनी! घराच्या दोन्ही किल्ल्या घेऊन आलात की! मी काय जिन्यात बसू?"

बाईंनी पर्स उघडली. किल्ली सापडेना. "थांबा वन्सं, तिथेच थांबा, मी येते."

पण नणंद गर्दीतून वाट काढत थेट मधल्या भिंतीपर्यंत पोचली. मिशांना नवा श्रोता हवाच होता.

"या आजी, या. ही होडी बघा. मनाच्या तळातून वर आलीय."

नणंदेने चष्मा पुसला. होडीवरून बोट फिरवलं. मग शेजारचा कागद वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत.

"मनाच्या तळातून कशाला मेली, माझ्या खिडकीवरून आलीय! वहिनी, हा तर माझा पडदा, हा माझ्या इस्त्रीचा डाग, आणि हे धुळीचं मीच नव्हतं का हो तुम्हाला म्हटलं?"