आपलाच माणूस

बॉयलर फुटून दादा गेले, त्याला आठवडा झाला होता. कारखान्याच्या कँटीनमध्ये शोकसभा भरली. कुणाची आई दवाखान्यात असो की कुणाच्या घरचा नळ गळो, पहिला फोन दादांनाच जायचा. जो तो तेच सांगत डोळे पुसत होता.

"तीस वर्षांत त्यांनी एकदाही तक्रार केली नाही," मालक म्हणाले.

दादांची बायको ताडकन उठली. "केली होती! व्हॉल्व्ह अडकतोय म्हणून तीनदा लेखी दिलं होतं."



"कुणाकडे?" मालकांचा आवाज चढला.

"नाव नाही सांगितलं कधी. म्हणायचे, आपलाच माणूस आहे, उगाच त्याच्या नोकरीवर गदा यायची."



तिच्या शेजारी बसलेला धाकटा दीर, तिथलाच सुपरवायझर, हळूहळू उभा राहिला. "माझ्याकडे, वहिनी."