बुडालेला नवरा

माद्रिदच्या मालिकांमधून नाव कमावलेली उशिया आता नाटकंही लिहू लागली होती. तिचं पहिलं नाटक कोरुन्याला लागलं, तेव्हा तिची आई दोसिंदा गावातल्या शेजारणींना घेऊन बसने आली आणि ऐटीत पहिल्या रांगेत बसली.

पडदा उघडला. रंगमंचावर उशियाच होती, एका कोळ्याच्या बायकोच्या भूमिकेत. नवरा दुसरीला घेऊन पळून गेलेला, आणि ही मात्र तो समुद्रात बुडाला असं गावभर सांगून, तीस वर्षं काळे कपडे घालून त्याच्या नावाने चर्चमध्ये मेणबत्त्या लावत राहिलेली.

हळूहळू शेजारणींच्या माना दोसिंदाच्या काळ्या कपड्यांकडे वळल्या. ती मांडीवर हात घट्ट धरून बसून राहिली. शेवटी सगळं थिएटर उभं राहिलं, तेव्हा टाळ्या वाजवायला तीही उठली.

नंतर रंगपटात उशिया तिच्या गळ्यात पडली. "आई, तुझं नाव कुठेच घेतलं नाही हं. गावसुद्धा बदललं."

"पाहिलं ना मी."

"मग? आवडलं की नाही?"

"तुझा नवरा तुला सोडून गेला, तेव्हा चार दिवस अन्नाला शिवली नव्हतीस तू. तुला धीर यावा म्हणून सांगितलं होतं मी ते. जन्मात दुसऱ्या कुणाला नाही."

उशिया आरशाकडे वळून चेहऱ्यावरचा मेकअप पुसू लागली.

"छान लिहिलंयस, पोरी," दोसिंदा म्हणाली. "फक्त तुझा नवरा काही त्यात कुठे दिसला नाही."