उस्ताद शौकतची मूठ

लाहोरच्या भंगारबाजारात तन्वीरने आपल्या कोरोलाला होंडा सिटीची जुनी चाकं बसवून घेतली. गाडी जॅकवरून खाली उतरली, तरी उस्ताद शौकत पुढच्या चाकाशी बसून पान्हा उलटा फिरवू लागला.

"पुत्तर, ह्या चाकांना गोल बुडाचे नट लागतात. तुझे जुने नाही चालायचे."

"चाचा, बहिणीची वरात दारात येईल आणि तुला धंदा सुचतोय?"

तन्वीरने पान्हा हिसकावला आणि त्याच्याच टाळक्यात घातला. उस्ताद कोसळला, तरी आणखी दोनदा घातला. मग गाडी पिटाळली.

आरशात पाहिलं, तर मागे एकही माणूस धावत नव्हता. "भ्याले साले!" हसून त्याने पुलाकडे वेग वाढवला.

 

मागे सगळा बाजार उस्तादच्या मुठीकडे बघत उभा होता. पुढच्या चाकाचे काढलेले तीन नट अजून तिच्यात होते.