प्रभावतीबाईंची गाडी दारात

प्रभावतीबाईंची गाडी गिरणीसमोर थांबली तशी लिंबाजीनं गिरणी बंद केली. दळण घ्यायला आलेल्या बाया आपापले डबे उचलून गपचूप बाजूला सरकल्या.

चारठाण्यात त्या टेम्पोची ओळख करून द्यावी लागत नव्हती. वालूरला प्रभावतीबाईंचं अंत्यविधीच्या सामानाचं दुकान होतं. बांबू, कडबा, मडकं, पांढरं कापड, सगळं एका जागी मिळायचं. पण लोक सामानापेक्षा बाईंनाच बोलवायचे. दुःखाच्या घरात बाई आधी चुलीकडं बघायच्या. चूल थंड दिसली की शेजारणीला हाक मारून पिठलं-भाकरी मागवायच्या. कुणाला फोन करायचा, कुणाला धरून बसायचं, कुणाला मोकळं सोडायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. रडणाऱ्याला पाणी द्यायचं आणि न रडणाऱ्याला बोलतं करायचं, एवढा एकच त्यांचा नियम. तेराव्यानंतर सगळे पाव्हणे पांगले, की बाई पुन्हा एक चक्कर मारायच्या, उगीच, चहा प्यायला.

एरवी मात्र त्यांची पंचाईत व्हायची. लग्नाला गेल्या तर यजमान हात जोडून म्हणायचे, "बाई, जेवून जावा, पण गाडी तेवढी त्या गल्लीत लावा."

"वालूरला चला," बाई लिंबाजीला म्हणाल्या. "बन्सीधरभाऊंकडं."

लिंबाजीच्या भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या. त्या वर गेल्या त्या तशाच राहिल्या.

"कवा?"

"आज सकाळी. अंगणात दाढी करत बसले होते. कुणाला काय कळायच्या आत."

लिंबाजी पोत्यावर बसला. मग एकदम उठला.

"मी येत न्हाई."

बाईंनी टेम्पोचं दार उघडून ठेवलं.

"सख्खा धाकटा भाऊ मी. वैष्णवीच्या लग्नात मानाचा फेटा कुणाला बांधला? त्या जालन्याच्या पाव्हण्याला! आन मला टोपी. ती बी नायलॉनची!"

"ते लय चुकलं त्यांचं," बाई म्हणाल्या.

"पोरीचा काका हाय मी. का वाढप्या हाय?"

"खरं हाय."

समोरचा माणूस भांडेनाच म्हटल्यावर लिंबाजीची पंचाईत झाली. त्या लग्नापासून तो वालूरची पायरी चढला नव्हता. भावाचा नंबर त्यानं मोबाईलवर ब्लॉक करून ठेवला होता, आणि तो कसा करायचा हे विचारायला तालुक्याला जाऊन आला होता.

"मग आता कशाला पाहिजे मी? गाव हाय की सगळं."

"तुमच्या राजेश्रीवहिनींनी मला मुद्दाम धाडलं. भटजी म्हणले, बाकी कुणी चालत न्हाई, भाऊच पाहिजे. ते बी दिवस मावळायच्या आत. आता तुमची मर्जी. न्हाई आलात तर तसं जाऊन सांगते."

तेवढ्यात कडूबाई, लिंबाजीची बायको, आतून आली. मोबाईल पदराला पुसून तिनं पिशवीत टाकला. पिशवीत नवऱ्याचं धुतलेलं धोतर आधीच भरलेलं होतं.

"तू कुठं निघालीस?"

"मी जायलेय. तुमी बसा इथं नायलॉन मोजत."

ती गाडीत आत सरकून बसली. लिंबाजी जरा वेळ उभा राहिला, मग पुटपुटत तिच्या शेजारी चढला. चढताना त्यानं मागं नजर टाकली. टेम्पो रिकामा होता.

"सामान?"

"दुकानातच हाय," बाई म्हणाल्या आणि गाडी काढली.

गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या. लिंबाजी समोर बघत होता, दगडासारखा. बाईंनी त्याच्याकडं एकदा बघितलं.

"दोघं एकाच शाळेत होतात का हो?"

"हं."

"कोण हुशार?"

"कुणीच न्हाई." मग तो म्हणाला, "एकदा मास्तर मला पट्टीनं मारायले होते. दादा आपला वर्ग सोडून आमच्या वर्गात घुसला. म्हणला, याच्या वाटणीच्या माझ्या हातावर मारा."

"मग?"

"मग काय! मास्तरांनी दोघांना बी हाणलं." लिंबाजी हसला. "वर दादा मलाच म्हणतो, तुझ्यापायी मला फुकटच्या..."

हसता हसता त्याचा आवाज फाटला आणि गिरणीच्या त्या दणकट माणसानं दोन्ही हातांनी तोंड झाकून हंबरडा फोडला. "दादा रं! एक टोपी घातली असती मी, तर काय मेलो असतो का रं!"

कडूबाईनं पदर तोंडाशी घट्ट धरला. तिचे खांदे गदगदत होते.

बाईंनी गाडी बाजूला घेतली आणि पाण्याची बाटली त्याच्या मांडीवर ठेवली. "रडा. आवरू नका." मग त्यांनी काचेतून सूर्याकडं बघितलं. तो अजून चांगला कासराभर वर होता.

वालूरला बन्सीधरच्या दारात माणसं जमलेली होती. लिंबाजी गाडी थांबायच्या आत उतरला. आतून तळणाचा वास आला. ह्या लोकांना कशाची चाड राहिली न्हाई, असं मनात म्हणत, नाक पुसत, तो माणसांना ढकलत ओसरीवर चढला.

ओसरीवर, अर्धी दाढी केलेली आणि अर्धी तशीच, बन्सीधर बाजेवर मांडी घालून बसला होता. त्यानं आधी भावाचे सुजलेले डोळे बघितले, मग मागं उभ्या प्रभावतीबाईंना विचारलं, "रडला का हो?" "लय," बाई म्हणाल्या. तेव्हा कुठं त्यानं सुस्कारा सोडला आणि सरकून बाजेवर जागा केली. "सकाळी कावळा बसला रं डोक्यावर. मी मेलो समजून सख्खं माणूस रडल्याबिगर अरिष्ट टळत न्हाई, म्हणले भटजी. आता तूच सांग, लिंबा, मी मेल्यावर खरं रडणारं तुझ्याबिगर हाय कोण मला?"