लुबेगाच्या दारातलं रडणं

बसा इथं घटकाभर, एक मजा सांगतो. पोट धरून हसाल.

मसाकाच्या रस्त्यावर लुबेगाचं लॉज आहे. नाबुकेरा तिथं स्वयंपाकीण म्हणून लागायला गेली. गावात कुणी मेलं की मयताचं जेवण बायकांचं मंडळ रांधतं, फुकट. त्यात चुलीपाशी कायम हीच. पण पगाराची चूल पहिलीच, आणि घरावर पत्रे तर घालायचे होते.

लुबेगा म्हणाला, "सहा पाहुण्यांचं करून दाखव. जमलं तर नोकरी तुझी."

सहाचा अंदाज तिला कुठला? हात तीनशेचा! आपल्या मनानं तिनं अगदी थोडकंच घेतलं. जेवणात भातासारख्या शिजवून खायच्या हिरव्या केळ्यांचे सात घड सायकलींवर लादले, वर मंडळाचं थोरलं पातेलं.

ते पातेलं लॉजात शिरताना गावानं बघितलं. झालं! मयताशिवाय ते कधी हलत नाही.

नाबुकेरा पहिलं केळं सोलतेय तोच फाटकात हंबरडा उठला. मंडळाच्या सगळ्या बायका, हातात सुऱ्या, डोक्यावर लाकडं. पुढं तेओपिस्ता आजी. "लुबेगा रे! असा कसा गेलास रे लेकरा!"

लुबेगा दाढीच्या साबणासकट धावत आला. "कोण गेलं?"

आजीनं रडणं गिळलं. त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तूच की! निदान सांगायचं तरी, जिवंत आहे म्हणून."

संपलं, गेली नोकरी, नाबुकेरानं मान खाली घातली.

"आता लाकडं परत कोण नेणार?" म्हणत बायका बसल्याच सोलायला. केळी पानात बांधली, वाफेला लावली. वास रस्त्यावर गेला आणि ट्रकवाले थांबायला लागले. दुपारपर्यंत लुबेगा गल्ल्यापाशी, गालावर साबण वाळलेला.

"आजी," तो हात जोडून म्हणाला, "रोज येत जा की सगळ्याजणी. देव भलं करील तुमचं."

आजीनं सुरी पदराला पुसली. "मेलास की फुकट येऊ, बाळा. जिवंत आहेस तोवर पगार पडेल. आधी हिचा बोल."

लुबेगानं नाबुकेराकडं बघितलं. मग आकडा बोलला. चांगला बोलला.

तर त्या रस्त्यानं कधी गेलात, तर जेवा तिथं, आणि पैसे देऊन जेवा. तेवढ्यासाठी मरू नका.